आउटलेटचा बीओडी २४, सीओडी ४६. बॅक्टेरिया झोपलेत की माझी बाटली खोटं बोलतेय?

बाटलीवाली_बाई (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. एका नगरपालिकेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर मी केमिस्ट आहे, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंत्राटदाराच्या पगारावर. आठ महिने झाले. लॅब म्हणजे पूर्वीची स्टोअररूम. बीओडी इन्क्युबेटरच्या डोक्यावर अजून पंपांच्या जुन्या ग्लँड रोपची खोकी आहेत, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका.

प्लांट २० एमएलडीचा (दिवसाला दोन कोटी लिटर), येतं सरासरी १३. प्रायमरी क्लॅरिफायर (सुरुवातीची गाळ बसवायची टाकी) नाही. ग्रिट चेंबरमधून पाणी थेट एरेशन टँकमध्ये (हवा मारायच्या टाकीत) जातं. दोन टँक मिळून ९,००० घनमीटर, पुढे दोन सेकंडरी क्लॅरिफायर. गेल्या चार महिन्यांचे आकडे (मिलिग्रॅम प्रति लिटर) फारसे हलत नाहीत. नवख्यांसाठी: बीओडी म्हणजे जीवाणूंना पाण्यातली घाण खायला लागणारा ऑक्सिजन, सीओडी म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा. इनलेटला बीओडी १४० आणि अमोनिया नायट्रोजन २८. एमएलएसएस (टँकमधला तरंगता गाळ) ३,६००, त्यातला व्होलाटाइल (सेंद्रिय) भाग ६२ टक्के. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासाने गाळ २९० मिलीवर बसतो. टँकमध्ये डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) दीड ते दोन. आउटलेटला टीएसएस (पाण्यातले तरंगते कण) ९, सीओडी ४६, अमोनिया ३ आणि बीओडी २४. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बीओडीची मर्यादा १० आहे.

गेल्या आठवड्यात कंपनीचे 'प्रोसेस एक्स्पर्ट' येऊन गेले. टँकवर वाकून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, बॅक्टेरिया वीक आहेत. उपाय: दर आठवड्याला २५ किलो बायो-कल्चर (विकतचे जीवाणू), सोबत गूळ आणि युरिया. आता खरेदीच्या नोटवर 'बायोमास निष्क्रिय असल्याचे आढळून आले' असं लिहून माझी सही मागताहेत. मला तसं आढळलेलं नाही. पण उलटंही आढळलेलं नाही, कारण नक्की काय बघायचं तेच कुणी शिकवलं नाही. मासिक अहवालात एकच रकाना आहे, 'बीओडी घट टक्केवारी', आणि त्यात मी दर महिन्याला ८३ लिहिते.

बायोमास काम करतोय की नाही हे छातीठोकपणे कसं सांगायचं? सही शुक्रवारपर्यंत हवी आहे.

डेअरी_ईटीपी (सोमवार, रात्री ११.१५)

आमच्याकडे दुधाच्या प्लांटवर युरिया आणि डीएपी रोज टाकतो, सुरुवातीला शेण आणि गूळही टाकला होता. झकास चालतो. टाकून बघा, नुकसान तर नाही ना.

गाळोबा (मंगळवार, सकाळी ६.०५)

डेअरीवाले, तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे. दुधाच्या पाण्यात बीओडी रग्गड असतो आणि त्या मानाने नायट्रोजन कमी पडतो, म्हणून तुम्हाला युरिया लागतो. हिशेब धरतात तो १०० बीओडीला ५ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस. बाईंच्या १४० बीओडीला लागणार ७, आणि येतोय नुसता अमोनियाच २८. गावाच्या सांडपाण्यात युरिया टाकणं म्हणजे माशाला पाणी पाजणं. वर तो युरिया पुन्हा अमोनिया होऊन बसणार आणि तोही ब्लोअरच्या विजेवरच काढावा लागणार. नुकसान आहे.

आता बाई, तुमच्याकडे वळतो. मी महापालिकेच्या मलजल विभागात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्लॅरिफायरच्या पुलावर उभं राहून. जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, तो टक्केवारीचा रकाना विसरा. पावसाळ्यात गटारात पाणी शिरलं की इनलेटचा बीओडी ५५ वर येतो आणि आउटलेट ९ असलं तरी टक्केवारी ८४ निघते. आज १४० चे २४ झाले तरी ८३. दोन अगदी वेगळ्या परिस्थिती आणि रकाना म्हणतो सगळं सारखंच. रोगी आणि पैलवान दोघांचं वजन ७० किलो भरलं, एवढंच त्याचं मोल.

दुसरी गोष्ट, तुमच्याच आकड्यांमध्ये भांडण लागलंय आणि ते तुम्ही शीर्षकात लिहूनही टाकलंय. सीओडी ४६ आणि बीओडी २४, म्हणजे निम्म्याहून जास्त. कच्च्या सांडपाण्यात हे प्रमाण चालतं. पण जीवाणूंनी खाऊन टाकलेल्या पाण्यात जे उरतं ते बहुतेक न खाता येणारंच असतं, तिथे बीओडी सीओडीच्या पाव हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून खाली असायला हवा. टीएसएस ९, म्हणजे नमुन्यात गाळही नाही. मग बाटलीत तीन दिवसांत ऑक्सिजन कोण खातंय?

माझा संशय नायट्रिफायरवर, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंवर आहे. तुमच्या टँकमध्ये अमोनिया २८ चा ३ होतोय, म्हणजे ती मंडळी भरपूर आहेत, आणि त्यातली थोडी आउटलेटच्या पाण्याबरोबर बाटलीत उतरतात. तिथे २७ अंशांवर त्यांची दिवाळी. १ मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तुमच्या नमुन्यातला ३ अमोनिया एकटाच १३-१४ बीओडी दाखवू शकतो. एवढ्यावर भागत नाही. डायल्यूशन वॉटरसाठी (नमुना पातळ करायच्या पाण्यासाठी) जो फॉस्फेट बफर करता त्याच्या कृतीत लिटरला १.७ ग्रॅम अमोनियम क्लोराइड आहे, बघा बाटलीवरचं लेबल. म्हणजे आपण स्वतःच त्यांना डबा भरून देतो, आणि जितकं डायल्यूशन जास्त तितकी ही चूक गुणून वर येते.

तपासायला सोपं आहे. त्याच नमुन्याच्या दोन जोड्या लावा. एका जोडीत ॲलिल थायोयुरिया घाला, लिटरला २ मिलिग्रॅम बसेल एवढं. ते नायट्रिफायरला गप्प करतं, बाकीच्यांना हात लावत नाही. तीन दिवसांनी दोन आकडे समोर येतील. मंडळाला कुठला कळवायचा हे त्यांना लेखी विचारून ठरवा, मनाने बदलू नका. पण निदानाला दोन्ही लागतात.

तिसरं, बायोमास जिवंत आहे का याचा सरळ पुरावा. एरेशन टँकचं पाणी बादलीत घ्या, नीट हलवून हवा भरा, बीओडीच्या बाटलीत घालून डीओ मीटरचा प्रोब बूच लावल्यासारखा बसवा, खाली मॅग्नेट फिरत ठेवा. दर मिनिटाला आकडा लिहा. डीओ किती वेगाने उतरतोय तोच त्यांचा श्वास. मग तीच कृती करा, फक्त चार भाग टँकच्या पाण्यात एक भाग इनलेटचं पाणी घालून. वेग वाढला तर ते जिवंत आहेत आणि भुकेलेही. वाढला नाही, उलट पडला, तर गावात कुणीतरी प्लेटिंगचं किंवा तसलं काही सोडतंय. दहा मिनिटांचं काम आहे आणि यासाठी एक्स्पर्टचं नाक लागत नाही.

बायो-कल्चरबद्दल एक जुनी गोष्ट. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी हवा मारून सांडपाणी साफ करण्याचे प्रयोग मांडले. पहिल्या खेपेला पूर्ण नायट्रिफिकेशन व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ ठेवला, नवीन सांडपाणी घातलं. असं करत करत ते काम २४ तासांच्या आत आलं. पुडी कुणी टाकली नव्हती. जीवाणू गावाच्या गटारातूनच येतात, फुकट, रोज. आपलं काम फक्त त्यांना किती दिवस ठेवायचं ते ठरवणं.

आणि इथे मला तुमची खरी काळजी वाटते. रोज गाळ किती काढता? वेस्टिंगचा पंप किती वेळ चालतो, रिटर्न गाळाचा (क्लॅरिफायरच्या तळातून टँकमध्ये परत जाणाऱ्या गाळाचा) टीएसएस किती आहे? ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

बाटलीवाली_बाई (मंगळवार, दुपारी १.३०)

काका, बफरचं लेबल वाचलं. आहे अमोनियम क्लोराइड. आठ महिने मीच वजन करून घालतेय आणि कधी विचार केला नाही.

रजिस्टरप्रमाणे वेस्टिंग पंप रोज ४० मिनिटं, ६० घनमीटर तासाचा. रिटर्न गाळ ८,५००. काढलेल्या गाळातलं पाणी वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज सकाळी १० ते ११ चालतं.

गाळोबा (मंगळवार, रात्री ९.२०)

कागद-पेन्सिल घेऊन बसा.

४० मिनिटांत ४० घनमीटर, गुणिले साडेआठ किलो, झाले ३४० किलो कोरडा गाळ. आउटलेटमधून १३,००० घनमीटर गुणिले ९ ग्रॅम, ११७ किलो. एकूण बाहेर गेला ४५७.

आता आत तयार किती होतो? आउटलेटचा खरा बीओडी ८ धरू या, मला तेवढाच वाटतोय. म्हणजे १४० मधून १३२ काढला, गुणिले १३, साधारण १,७०० किलो बीओडी रोज. प्रायमरी क्लॅरिफायर नाही, म्हणजे गावाची मातीही टँकमध्येच. तुमचा ६२ टक्के व्होलाटाइल तेच सांगतोय. तेव्हा किलोमागे पाऊण किलो गाळ धरायला हरकत नाही. १,२७५ किलो.

तयार १,२७५, बाहेर ४५७. रोज ८०० किलोच्या वर शिल्लक राहायला हवा. ९,००० घनमीटरच्या टँकमध्ये म्हणजे एमएलएसएस रोज ९० ने वाढला पाहिजे, महिन्यात २,७०० ने. तुमचा चार महिने ३,६०० वर ठाण मांडून बसलाय.

गाळ गेला कुठे?

कागदावर तुमच्या गाळाचं वय ७१ दिवस निघतं. टँकमध्ये ३२,४०० किलो, भागिले ४५७. मला पटत नाही. एक तर इनलेटचा बीओडी फुगलेला आहे, किंवा रजिस्टर घरी बसून भरलंय, किंवा तुमच्या नजरेआड गाळ पळतोय. आम्ही कामगारांना सांगायचो, तू गाळ काढला नाहीस तर प्लांट स्वतः काढतो, फक्त तो आउटलेटमधून काढतो.

नमुने कधी आणि कुठून घेता?

तिसरी_पाळी (बुधवार, पहाटे ३.५०)

म्याडम, मी दुसऱ्या गावच्या प्लांटवर आपरेटर हाय, रातपाळी. वाचत हुतो तवा ऱ्हावलं न्हाई. तुमी नमुना अकरा वाजता घेत असनार. समदे केमिस्ट अकरालाच घेत्यात, च्या झाल्यावर.

तुमच्या गावात नळ कवा येतो ते बगा. आमच्याकडं साडेपाच ते सात. नळ आला की धुणं, आंघोळी, भांडी समदं एकदम. ते पानी प्लांटवर पोचतंय साडेसातला. त्या टायमाला क्लॅरिफायरच्या वीअरवर, म्हंजी पानी भाईर सांडतंय त्या काठावर, जाऊन हुबं ऱ्हावा. आमच्यात दोन वर्सामागं च्यासारखं पानी जात हुतं, साडेआठनंतर परत काच. सायेब दहाला याचा, त्याला काच दिसायची.

आनि रिटर्नचा दुसरा पंप चालू हाय का ते बी बगा. रजिस्टरात चालू असतोय.

गाळोबा (बुधवार, सकाळी ६.१०)

तिसरी पाळी, रामराम. हे पुस्तकात मिळत नाही.

बाई, एक पारदर्शक ॲक्रिलिकचा पाइप मिळवा, क्लॅरिफायरच्या खोलीएवढा, खाली फूट व्हॉल्व्ह लावून. पहाटे पुलावरून हळू खाली सोडा आणि वर काढा. गाळाचा थर किती उंच आलाय ते पाइपातच दिसेल. फूट-दोन फूट असेल तर ठीक. सिलिंडरमधला गाळ तुमचा छान बसतोय. २९० ला ३.६ ने भागा, एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसून किती मिली जागा घेतो) ८० येतो, त्यात फिलामेंटची (गाळ फुगवणाऱ्या तंतुमय जीवाणूंची) तक्रार नाही. म्हणजे गाळ वाईट नाही, फक्त जास्त साठलाय.

बाटलीवाली_बाई (पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ८.४५)

उशीर झाला, पण रिकाम्या हाताने आले नाही.

सही पहिल्या शुक्रवारी केली नाही. 'चाचण्या सुरू आहेत' असं लिहून वेळ घेतला. त्यावर बरंच ऐकून घेतलं, ते सोडा.

बीओडी: नेहमीच्या बाटल्या २३. ॲलिल थायोयुरिया घातलेल्या ७. तीन वेगवेगळ्या दिवशी लावल्या, तिन्ही वेळा ७ आणि ९ च्या मध्ये. पहिल्यांदा आकडा काढला तेव्हा मी टायट्रेशन पुन्हा केलं, मला वाटलं थायोसल्फेट बदललं गेलं.

श्वास: टँकच्या पाण्यात डीओ सहा मिनिटांत ६.८ वरून ४.४ वर. म्हणजे तासाला २४, आणि व्होलाटाइल ग्रॅममागे साधारण ११. इनलेटचं पाणी मिसळल्यावर तासाला ४१. बघताना अंगावर काटा आला. आठ महिने ज्यांना आकडे म्हणून लिहीत होते ते एकदम जेवायला बसल्यासारखे वाटले.

आता वीअर. आमच्याकडे नळ सहाला येतो. मंगळवारी पावणेसातला स्कूटीवरून गेले. वॉचमनला वाटलं काहीतरी अपघात झाला. पाइप माझ्या भावाने करून दिला. क्लॅरिफायरची पाण्याची खोली साडेतीन मीटर, त्यात सात वाजता गाळाचा थर २.१ मीटर. रिटर्नचा दुसरा पंप बंद. इंपेलर काढून नेलाय, कधी ते कुणाला आठवत नाही. रजिस्टरात तो काल रात्रीही आठ तास चालला होता. तिसरी पाळी, तुम्हाला कोपरापासून नमस्कार.

आउटलेटचा टीएसएस: सात वाजता २५, साडेसातला २१०, आठला ४८०, साडेआठला ३४०, नऊला ७०. अकराला नेहमीसारखा ९. त्या दीड तासात फ्लोमीटर तासाला ८८० घनमीटरच्या आसपास होता. हिशेब केला तर साडेचारशेच्या वर, कडेचे आकडे धरून सुमारे ४८० किलो गाळ नदीकडे. रोज सकाळी. खाली पुलाशी म्हशी धुतात, नऊपर्यंत तिथलं पाणी तपकिरी असतं. त्यांना वाटायचं पाटाचं आहे.

आणि काका, इनलेटचंही निघालं. मी नमुना साडेदहाला घेत होते आणि सेंट्रिफ्यूजचं सुटलेलं पाणी बरोबर तेव्हाच, नमुन्याच्या जागेच्या वरच पडतं. वरच्या चेंबरमधून दर तासाला घेऊन, प्रवाहाच्या प्रमाणात मिसळून २४ तासांचा नमुना केला. बीओडी ११५.

नवीन हिशेब: (११५ वजा ८) गुणिले १३, १,३९१ किलो. पाऊणपट १,०४३. बाहेर ४५७ अधिक ४८०, ९३७. अजून १०० किलोच्या आसपास जुळत नाही.

गाळोबा (शनिवार, सकाळी ५.५०)

१०० किलो सोडून द्या. पाऊण हा आकडा मीच अंदाजाने दिला होता, आणि एका सकाळचे पाच नमुने म्हणजे काही जनगणना नव्हे. हिशेब १० टक्क्यांत बसला तर मलजल विभागात पेढे वाटतात.

आता उतावळेपणा करू नका. ३४० वरून एकदम १,००० किलो काढायला लागलात तर सेंट्रिफ्यूज आणि नायट्रिफायर दोघंही हात टेकतील. दर तीन-चार दिवसांनी पंपाची वेळ ८-१० मिनिटांनी वाढवा, एमएलएसएस हळूहळू २,८०० कडे आणा. इतक्या उष्ण पाण्यात नायट्रिफायरला गाळाचं वय दहा दिवसही पुरतं, तुमच्याकडे आज खरं वय ३५ च्या आसपास आहे, जागा भरपूर आहे. आउटलेटच्या अमोनियावर रोज नजर ठेवा. तो ३ वरून ५-६ कडे सरकला तर थांबा. पण आधी तो इंपेलर. एका पंपावर थर खाली येणार नाही, कितीही वेस्टिंग करा.

आणि नमुना सकाळी आठचाही घ्या. कायमचा.

डेअरी_ईटीपी (शनिवार, सकाळी १०.३०)

आमच्याही बीओडी बाटल्यांत आज थायोयुरिया घातलं. गुपचूप.

बाटलीवाली_बाई (सोमवार, रात्री ९.१०)

नोट पाठवली. 'बायोमास कार्यरत आहे. गाळ काढण्याचे प्रमाण अपुरे असून रिटर्न पंप क्र. २ नादुरुस्त आहे. बायो-कल्चरची आवश्यकता आढळत नाही.' खाली श्वासाचा आलेख आणि आठच्या नमुन्याचा फोटो जोडला, शेजारी अकराचा.

आज परत आली. समासात हिरव्या शाईने लिहिलंय, 'चर्चा करावी.' इंपेलरची मागणी मात्र मंजूर झाली आहे, त्याच पानावर.